हॉलिवूडमधील कॅथलिक कलावंत

अमेरिकी चित्रपटसृष्टीच्या स्टुडिओयुगात (स्थूलमानाने १९३० ते १९६०) कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणारे नट-नट्या. लोरेटा यंग, आयरीन डन, पॅट ओब्रायन, बिंग क्रॉस्बी, रोझलिंड रसेल, स्पेन्सर ट्रेसी व ॲन ब्लाइथ ही त्यांतील ठळक नावे. बेव्हर्ली हिल्समधील ‘चर्च ऑफ द गुड शेफर्ड’ हे त्यांच्यापैकी अनेकांचे मिस्सेचे (कॅथलिक सामुदायिक उपासनेचे) ठिकाण होते.

यांच्यापैकी अनेक जण सदाचारासाठी ओळखले जात. त्या सदाचाराचे मूळ कशात, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो करारातील ‘नीतिकलमा’चा परिणाम होय. एका तरुणीच्या मृत्यूवरून विनोदी नट रॉस्को आर्बकल यांच्यावर आरोप झाल्यानंतर १९२१ मध्ये युनिव्हर्सल या स्टुडिओने आपल्या करारांत हे कलम घातले. लोकनिंदा ओढवणाऱ्या नटाला त्यान्वये काढून टाकता येई. पडद्यावर काय दाखवावे व काय नाही हे ठरवणाऱ्या १९३० च्या निर्मितीसंहितेचाही येथे दाखला दिला जातो. तिच्या रचनेत कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली व जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू डॅनियल लॉर्ड यांचा वाटा होता (अधिक कोणाचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही) आणि १९३४ पासून तिची कठोर अंमलबजावणी संहिता कार्यालयाचे कॅथलिक प्रमुख जोसेफ ब्रीन यांनी केली. मात्र संहितेचे बंधन पडद्यावरील आशयाला होते, नटांच्या खासगी आयुष्याला नव्हे. लोकप्रिय लेखनात या दोहोंची गल्लत वारंवार आढळते.

नीतिकलमाने बदनामी टळे. पण दशकानुदशके टिकलेल्या संसारांचा उलगडा त्यातून होत नाही. ओब्रायन यांचा १९३१ मधील विवाह त्यांच्या मृत्यूपर्यंत (१९८३), तर डन यांचा १९२० च्या दशकाअखेरचा विवाह पतीच्या निधनापर्यंत (१९६५) टिकला. येथे चर्चचा विवाहविषयक कायदा अधिक निर्णायक वाटतो. त्यानुसार वैध व शरीरसंबंधाने पूर्णत्वास गेलेला संस्कारविवाह (धार्मिक संस्कार मानला जाणारा विवाह) मृत्यूखेरीज मोडत नाही. दिवाणी घटस्फोट मिळाला, तरी जोडीदार हयात असताना पुनर्विवाह करता येत नाही. विवाह मुळातच अवैध होता असा धर्मन्यायालयाचा निर्णय ही वेगळी बाब असून तिला घटस्फोट म्हणणे चूक आहे. विवाहित ट्रेसी व यंग यांची जवळीक १९३४ मध्ये संपली, तेव्हा आपण दोघेही कॅथलिक असल्याने विवाह अशक्य आहे, असे यंग यांनी जाहीरपणे सांगितले. ट्रेसी पुढे पत्नीपासून वेगळे राहिले, पण १९६७ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी घटस्फोट घेतला नाही. यामागे श्रद्धेपेक्षा कर्णबधिर मुलाविषयीची अपराधी भावना होती, असे काही चरित्रकार मानतात. दोन्ही कारणे एकत्र असणे अधिक संभवनीय दिसते.

श्रद्धा आणि स्खलन या माणसांत शेजारीशेजारी नांदत होती. नट क्लार्क गेबल यांच्याशी विवाह न होता त्यांच्यापासून १९३५ मध्ये झालेली मुलगी यंग यांनी दत्तक म्हणून वाढवली. सत्याची जाहीर कबुली त्यांच्या मृत्यूनंतर (२०००) प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून मिळाली. सेटवर शिवी देणाऱ्याकडून त्या दंड घेत आणि ती रक्कम दानधर्मासाठी देत, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. पण दंडाची रक्कम आणि त्यांना उलट उत्तर देणारा नट कथेगणिक बदलतो.

डन यांना १९४९ मध्ये नॉत्र दाम विद्यापीठाचे लेतारे पदक हा अमेरिकी कॅथलिकांना दिला जाणारा सन्मान मिळाला. फादर पॅट्रिक पेटन यांच्या ‘फॅमिली थिएटर’ या नभोवाणी मालिकेत (१९४७ पासून) अनेक तारे सहभागी झाले. कुटुंबाने एकत्र प्रार्थना करावी हा तिचा संदेश होता.

नट गॅरी कूपर यांनी १९५९ मध्ये कॅथलिक धर्म स्वीकारला, तर जॉन वेन यांनी १९७९ मध्ये मृत्युशय्येवर. कूपर यांच्या बाबतीत पत्नी व मुलगी आधीपासून कॅथलिक होत्या. शिवाय त्यांचे धर्मांतर कर्करोगाच्या निदानापूर्वीचे (१९६०) असल्याने त्याला आजारपणाचे फलित मानता येत नाही. नटी जून हेव्हर १९५३ मध्ये नन होण्यासाठी कॉन्व्हेंटमध्ये (नन्सच्या मठात) दाखल झाल्या, पण काही महिन्यांतच परतल्या. नटी डोलोरेस हार्ट यांनी १९६३ मध्ये वाङ्‌निश्चय मोडून कनेक्टिकटमधील बेथलेहेम येथील बेनेडिक्टाइन पंथाच्या नन्सच्या मठात प्रवेश केला व पुढे तेथेच मठप्रमुखाच्या हाताखालील प्रायोरेसपद सांभाळले.