चाक, चरखा, सायकल: एका मुळाचा माग

सायकलचं चाक आउट झालंय, असं मेकॅनिकला सांगताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो. 'सायकल' इंग्रजीतून आली, पण तिच्या मागे ग्रीक 'क्युक्लोस' आहे. 'चाक' आलं संस्कृत 'चक्रा'वरून. आणि 'क्युक्लोस' व 'चक्र' ही एका शब्दाची दोन रूपं आहेत. टू-व्हीलरमधलं 'व्हील' त्याच कुळातलं, चरखाही त्यातलाच.

आपल्या आणि युरोपातल्या भाषांमधलं हे नातं पहिल्यांदा जाणवलं त्यात गोव्याचा वाटा आहे. 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्याहून भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं त्यात त्यांनी नोंदवलं होतं. जवळपास त्याच काळात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लोरेन्सचा व्यापारी सप्त-सेत्ते, अष्ट-ओत्तो, नव-नोव्हे अशा संस्कृत-इटालियन जोड्या मायदेशी कळवत होता. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. दोघांच्या पत्रांवरून तेव्हा शास्त्र असं काही उभं राहिलं नाही. ते श्रेय सहसा कलकत्त्यातला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याला जातं. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत त्याने सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज उरलेलाही नसेल.

पण नुसतं साम्य दगा देतं. 'बदनाम' घ्या. त्यातला 'नाम' आणि इंग्रजी 'नेम' खरे भाऊबंद. 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' मात्र अर्थाने, उच्चाराने इतके जवळ असूनही एकमेकांचे कुणीच नाहीत, निव्वळ योगायोग. मग खरं-खोटं ठरवायचं कशावरून? रास्मुस रास्क (डेन्मार्क) आणि याकोब ग्रिम (जर्मनी) या भाषाभ्यासकांनी १८१८ ते १८२२ च्या दरम्यान दाखवून दिलं, की शब्द वेगळे होतात तेही नियमाने. संस्कृतात जिथे 'प' तिथे इंग्रजीत 'फ': पितृ-फादर, पाद-फुट. मला तरी या शास्त्राची खरी गंमत इथेच वाटते. 'चाक' आणि 'व्हील' कानाला अजिबात सारखे लागत नाहीत, तरी त्यांचं नातं पक्कं आहे.

मूळ शब्द अभ्यासक साधारण 'क्वेक्वलोस' असा मांडतात. तो कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, म्हणून त्याच्या आधी ताऱ्याची खूण (*) काढतात. 'क्वेल' म्हणजे फिरणं. त्याचीच द्विरुक्ती करून हा शब्द बनला, आपल्या 'गरगर'सारखा. संस्कृताच्या पूर्वजांत 'क्व'चा 'क' झाला. पहिल्या 'क'पुढे 'ए' होता. 'ए' म्हणताना जीभ पुढे सरकते, तिने 'क'ला ओढून 'च' केलं. दुसऱ्या 'क'पुढे 'ए' नव्हता, तो तसाच राहिला. पुढे 'ए'चा 'अ' झाला, 'ल'चा 'र', आणि हाती आलं 'चक्र'. म्हणजे त्यातले 'च' आणि 'क' मुळात एकच! १८७० च्या दशकात हा नियम उलगडला आणि संस्कृतातला 'अ' सगळीकडे मूळचाच आहे, हा समज गळून पडला.

इंग्रजीच्या वाटेवर 'क्व'चा 'ह्व' झाला, जुन्या इंग्रजीत 'ह्वेओल' दिसतो, त्याचं 'व्हील'. इराणी वाटेवर 'चख्र' झाला. मग 'नुकसान'चं 'नुसकान' व्हावं तशी अक्षरांची अदलाबदल होऊन फारसीत 'चर्ख', आणि तिथून आपला चरखा. मराठीने आपली वाट घेतली: चक्र, चक्क, चाक. हस्त-हत्थ-हात आणि सप्त-सत्त-सात यांची चाल हीच. प्राकृतापासून आजच्या भाषांपर्यंतची ही साखळी रा. गो. भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईतल्या विल्सन व्याख्यानांत उलगडली होती. त्यातही 'चक्रा'तला 'च' वेगळा आणि 'चाका'तला, दातांजवळचा, वेगळा. चाकोरी ही त्याच चाकाने पाडलेली.

एक भेद मात्र ठेवायला हवा. 'चाक' वारशाने आलं. चरखा आणि सायकल पाहुणे म्हणून आले, फार उशिरा, दूरच्या नातलगांच्या घरून.

या शब्दावरून काळाचाही अंदाज बांधतात. चाकाचे जुने पुरावे इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० च्या आसपासचे आहेत. वस्तूच नसेल तर तिला नाव कुठून असणार? म्हणजे चाक आलं तेव्हा या भाषांचे पूर्वज एकमेकांच्या संपर्कात होते. याला अपवाद हित्ती या आजच्या तुर्कस्तानात बोलल्या जाणाऱ्या, याच कुळातल्या प्राचीन भाषेचा. तिच्यात चाकाला 'हुर्की' असा वेगळाच शब्द आहे, म्हणून ती शाखा आधीच फुटली असावी, असं मानतात.

'क्वेल'चा पसारा इतकाच नाही. 'चर'पासून आचार, गोचर. लॅटिन 'कोलेरे'पासून कल्चर, कॉलनी. आणि 'सायक्लोन' तर कलकत्त्यातच घडलेला शब्द. तिथल्या हेन्री पिडिंग्टनने १८४८ मध्ये गोल फिरणाऱ्या वादळांसाठी तो ग्रीकवरून बनवला. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा इंग्रजी बातम्यांत ते 'सायक्लोन' होतं आणि मराठीत 'चक्रीवादळ'.