घसरायलाही पकड लागते

'असेटो कोर्सा' हा रेसिंग गेम उघडून ड्रिफ्ट, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळण घेणं, शिकायला बसलेला नवखा खेळाडू सेटअपच्या पानावर गेला की बहुतेक वेळा पहिलं काम एकच करतो. मागच्या टायरची पकड घालवतो. हवा वाढवतो, कमी पकडीचे टायर निवडतो, मागचं सस्पेन्शन आवळून ठेवतो. हिशेब सरळ वाटतो: गाडी घसरवायची आहे ना, मग घसरणारे टायर लावा. गाडी घसरतेही. पहिल्याच वळणावर शेपूट बाहेर जाते आणि तशीच जात राहते. दोन सेकंदांत गाडी आल्या वाटेकडे तोंड करून उभी. मग पठ्ठ्या हवा आणखी वाढवतो.

खऱ्या ड्रिफ्ट स्पर्धांतल्या गाड्या बघितल्या तर चित्र उलटं दिसतं. मागे रुंद, चिकट, महागातले टायर, आणि तेही मोजक्या फेऱ्यांत जाळून टाकायला. पकड नकोच असती तर हा खर्च कोणी कशाला केला असता?

उत्तर टायरच्या वागण्यात आहे. टायरचं तोंड जिकडे आहे आणि तो प्रत्यक्षात जिकडे चालला आहे, या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. साधं वळण घेतानाही हा कोन शून्य नसतो. रबर रस्त्याला धरून ठेवतं, त्यामुळे ते पिळवटतं, आणि त्या पिळातूनच गाडीला वळवणारं आडवं बल मिळतं. कोन वाढेल तसं बल वाढतं. रस्त्यावरच्या साध्या टायरमध्ये साधारण सहा ते दहा अंशांच्या दरम्यान ते शिखर गाठतं आणि पुढे उतरायला लागतं. उतरतं म्हणजे संपत नाही, हे महत्त्वाचं. तीस-चाळीस अंशांत घसरणारा टायरही बऱ्यापैकी बल देतच असतो. ड्रिफ्ट या उरलेल्या बलावरच चालतो.

बलाच्या या चढ-उताराला गणितात बसवण्याचं मोठं काम नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हान्स पाचेयका यांनी केलं. व्होल्वोमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९८७ मध्ये मांडलेलं सूत्र 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणून ओळखलं जातं. जादू एवढीच, की रबराच्या रेणूंपासून सुरुवात न करताही मोजलेल्या आकड्यांवर त्याचा आलेख चपखल बसतो. गाड्यांचे कारखाने आणि अनेक रेसिंग गेम या सूत्राच्या किंवा त्याच्या भावंडांच्या आधारे टायर चालवतात. पण प्रयोगशाळेत टायर मोजले जातात ते बहुतेक शिखराच्या आसपास, कारण शहाणा ड्रायव्हर तिथेच थांबतो. ड्रिफ्ट त्याच्या कितीतरी पलीकडे चालतो. तिथला आलेख गेम बनवणाऱ्याला अंदाजाने पुढे ओढावा लागतो. एका गेममध्ये हात बसलेला माणूस दुसऱ्या गेममध्ये गोल गोल फिरत राहतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

आता एक ड्रिफ्ट जवळून बघू. तीस मीटर त्रिज्येचं डावं वळण, वेग ताशी ५४ किलोमीटर. गाडीचं नाक जाण्याच्या दिशेपेक्षा ३५ अंश आत वळलेलं. मागचे टायर शिखराच्या पार गेलेत, पण पुढचे अजून अलीकडे आहेत, आणि ते तिथेच राहायला हवेत. ड्रायव्हरने स्टीअरिंग उजवीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेर फिरवलेलं दिसतं. हेच ते काउंटर स्टीअर. पण पुढच्या चाकांनी ३५ अंश बाहेर बघितलं तर ती जाण्याच्या दिशेला जवळपास समांतर होतील आणि वळवणारं बल जवळजवळ उरणार नाही. त्यामुळे ती प्रत्यक्षात २७-२८ अंशच बाहेर असतात. गाडी स्वतःभोवती फिरत असल्याचा फरक दोन-तीन अंशांचा आणि टायरचा स्वतःचा स्लिप अँगल पाचेक अंश, असा हा हिशेब. बघणाऱ्याला चाकं उलटी वळलेली दिसतात, टायरच्या हिशेबाने मात्र ती अजूनही डावीकडेच वळताहेत.

मागचं काम इंजिनाचं. चाकं गरगर फिरत असतात, त्यामुळे टायरचं बरंचसं बल नाकाच्या दिशेने पुढे लागतं. नाक ३५ अंश आत असल्यामुळे या ढकलण्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग थेट वळणाच्या केंद्राकडे जातो आणि उरलेला वेग टिकवतो. म्हणजे ड्रिफ्टमध्ये गाडीला वळवायला इंजिनही हातभार लावतं. वरच्या उदाहरणात केंद्राकडे लागणारं एकूण बल वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश आहे. पकड घालवून ते वजनाच्या निम्म्यावर आणलं, तर त्याच वर्तुळावर गाडी ताशी ४४ किलोमीटरच्या वर टिकणार नाही. शिवाय शेपूट जास्त बाहेर गेली तर तिला आवरायलाही तेच बल लागतं, आणि ते आधीच कमी केलेलं असतं. नवख्याची गाडी फिरते ती इथे.

याला एक पुरवणी जोडायला हवी. कमी ताकदीच्या गाडीला फार चिकट टायर झेपत नाहीत. टोयोटाची एई८६ ही ड्रिफ्टच्या दुनियेतली लाडकी गाडी, पण तिच्या १.६ लिटर इंजिनाची मूळ ताकद १३० हॉर्सपॉवरच्या आसपास. तिला रुंद टायर लावले तर मागची चाकं घसरून गरगरणंच बंद होईल. जपानच्या घाटांत ड्रायव्हर केइची त्सुचिया यांनी ती गाजवली ती वजनाची फेकाफेक आणि वेग यांच्या जोरावर. गेममध्ये सुरुवात करायला मला बीएमडब्ल्यू एम३ ची ई९२ ही ड्रिफ्टसाठी तयार केलेली आवृत्ती जास्त बरी वाटते. मूळ गाडीतच चार लिटरचं व्ही८ इंजिन आणि ४२० हॉर्सपॉवर. ताकद कमी पडली अशी सबब तिथे चालत नाही.

सेटअपमध्ये खरा वेळ द्यावा तो पुढच्या चाकांना. त्यातही कॅस्टरला. स्टीअरिंगचा अक्ष वरच्या बाजूने थोडा मागे कललेला असतो, हा कल म्हणजे कॅस्टर. त्यामुळे टायर जमिनीला टेकतो ती जागा अक्षाच्या मागे राहते. विमानतळावरच्या ट्रॉलीचं चाक ढकलाल त्या दिशेला आपोआप वळतं, तसंच हे. शेपूट बाहेर गेली की पुढची चाकं स्वतःहून जाण्याच्या दिशेला वळू बघतात. खरा ड्रायव्हर अशा वेळी स्टीअरिंग फिरवत बसत नाही. पकड ढिली करून ते हातातून सरकू देतो आणि हवं तिथे धरतो. गेममध्ये हेच बल मोजून खेळाडूच्या स्टीअरिंग व्हीलमधल्या, ते हातांना जाणवून देणाऱ्या फोर्स फीडबॅकच्या मोटरला पाठवलं जातं, म्हणून तिथेही व्हील सोडून देणं शिकावं लागतं. घट्ट धरून बसणाऱ्याला ड्रिफ्ट येत नाही. कॅस्टर जितका जास्त तितकं व्हील चपळाईने परततं. लॉजिटेक जी२९ सारख्या गिअरवर चालणाऱ्या व्हीलची मोटर मात्र झटक्यात एवढं अंतर कापू शकत नाही, म्हणून बरेच जण त्याचा फेरा ९०० अंशांवरून ७०० च्या आसपास आणतात. यूट्यूबवरून उचललेला 'बेस्ट ड्रिफ्ट सेटअप' तुमच्याकडे चालत नाही, कारण तो देणाऱ्याचं व्हील वेगळं, मोटर वेगळी. असे सेटअप उतरवून घेण्यात वेळ घालवू नये, असं माझं मत.

कॅस्टर वाढवला की एक भानगड होते, आणि कॅम्बरचं, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याचं, कोडं तिथे सुटतं. ड्रिफ्टच्या गाड्यांची पुढची चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली दिसतात, चार-पाच अंश किंवा त्याहूनही जास्त. नुसत्या दिखाव्यासाठी असावीत असं वाटतं. पण डाव्या वळणात भार असतो पुढच्या उजव्या चाकावर, आणि काउंटर स्टीअरमुळे तेच चाक उजवीकडे वळलेलं असतं. कॅस्टरमुळे अशा स्थितीत ते चाक वरच्या बाजूने बाहेर कलतं, म्हणजे टायर बाहेरच्या कडेवर येऊन पकड सोडतो. आधीच आत झुकवून ठेवलं असेल, तर बाहेर कलल्यावर ते सरळ होतं आणि टायर पूर्ण टेकतो. मागच्या चाकांचं काम ढकलण्याचं, त्यामुळे तिथे कॅम्बर जवळपास शून्य ठेवावा.

डिफरन्शियलबद्दल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरबद्दल, फार विचार करू नका. साध्या डिफरन्शियलमध्ये आतलं, हलकं झालेलं चाक एकटंच फिरत राहतं आणि ताकद वाया जाते. दोन्ही चाकं एकत्र फिरायला हवीत. रेस देताना दोन्ही चाकांना जखडणारं लॉक जवळजवळ पूर्ण ठेवा, पाय सोडतानाचाही बराच ठेवा, म्हणजे पाय उचलल्यावर गाडी अचानक वेगळी वागत नाही. गिअर असे, की एका वळणात बदलावा लागू नये. बहुतेक ठिकाणी तिसरा पुरतो.

हवेबद्दल मात्र एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. टायरमध्ये थंड असताना २८ पीएसआय भरली. हवामापक दाखवतो तो वातावरणापेक्षा जास्तीचा दाब, म्हणून त्यात १४.७ मिळवायचे. एकूण ४२.७. २५ अंशांवरून हवा ९० अंश सेल्सिअसला गेली की निरपेक्ष तापमान २९८ केल्विनवरून ३६३ होतं, आणि दाब त्याच प्रमाणात वाढून ५२ होतो. वातावरणाचा वाटा वजा केला की हवामापकावर ३७ च्या वर. काहीही न बदलता नऊ पीएसआयची वाढ! ड्रिफ्टमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त तापतात. त्यामुळे पहिल्या फेरीत मनासारखी चाललेली गाडी चौथ्या फेरीत निसटायला लागते आणि खेळाडू स्वतःच्या हातांना दोष देतो. सेटअप तपासायचा तो टायर तापल्यावर.

गाडी मुळात सुटते कशी? हँडब्रेक सगळ्यांना माहीत असतो, पण जास्त उपयोगाचं आहे ते वजन सरकवणं. १२०० किलोची, दोन चाकांच्या अक्षांमध्ये अडीच मीटर अंतर असलेली गाडी घ्या. निसान सिल्व्हिया साधारण एवढीच. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर धरू. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने ब्रेक लावला तर १२० किलोचा भार मागून पुढे येतो. मागचे टायर हलके होतात, पुढचे जड, आणि त्याच क्षणी स्टीअरिंग आत वळवलं की शेपूट निघते. उजवीकडे झुकवून लगेच डावीकडे टाकण्याची युक्तीही याच तत्त्वावर चालते.

सुटल्यावर गाडी पायाने सांभाळायची. रेस वाढवली की मागच्या टायरचं बल पुढे ढकलण्यात जास्त जातं, आडवं धरण्यात कमी उरतं, कोन वाढतो. कमी केली की उलट. पाय एकदम उचलला तर मागची चाकं अचानक पकडतात, भार पुढे येतो, आणि काउंटर स्टीअर तसंच राहिलं असेल तर गाडी विरुद्ध बाजूला झेपावते. घाबरून पाय उचलण्याची सवय आधी मोडावी लागते. त्यासाठी मोकळ्या मैदानात एकाच वर्तुळावर फिरत राहणं हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत चांगला सराव. तो जमला की इंग्रजी आठचा आकडा, आणि मगच वळणांची साखळी.

गेममध्ये एक अडचण जास्तीची आहे. खऱ्या गाडीत शरीर फिरायला लागलं की आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना ते लगेच कळतं. खुर्चीत बसलेल्याला सगळं डोळ्यांनी बघून समजून घ्यावं लागतं, आणि तोवर शेपूट काही अंश पुढे गेलेली असते. नजर बोनेटवर न ठेवता वळणाच्या शेवटी ठेवली तर फिरण्याचा वेग लवकर जाणवतो. आवाजही मदत करतो. टायरची किंचाळी आणि इंजिनाचे फेरे ऐकून अनुभवी खेळाडूचा पाय हलतो.

यंत्रालाही हे जमतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक क्रिस गर्डेस यांच्या गटाने १९८१ सालची डीलोरिअन गाडी विजेवर चालवून तिला ड्रिफ्ट शिकवला. 'मार्टी' नावाच्या या गाडीने २०१९ मध्ये सुमारे एक किलोमीटरचा वळणावळणांचा मार्ग माणसाने न चालवता आडवा पार केला. २०२४ मध्ये त्यांनी आणि टोयोटाच्या संशोधन संस्थेने कॅलिफोर्नियात स्वतः चालणाऱ्या दोन टोयोटा सुप्रा एकामागोमाग एक ड्रिफ्ट करवल्या. त्यात टायरचं गणित ठरावीक सूत्रावर न सोडता गाडी अनुभवावरून ते शिकत राहील अशी सोय होती, कारण ऊन उतरलं की काही मिनिटांत रस्ता बदलतो.

मित्रासोबत ऑनलाइन असं जोडीने ड्रिफ्ट करायचं असेल, तर दोघांनी गाडी आणि टायर एकच घ्या. मागे राहणाऱ्याने मात्र मागची हवा एखाद-दोन पीएसआय कमी ठेवावी. अंतर पडलं तर भरून काढायला त्याला पुढच्यापेक्षा थोडी जास्त पकड लागते.