‘थाट’चा ‘ताट’ का होतो?

आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात तिसरीतल्या एका मुलीला श्रुतलेखन घातलं. मी म्हटलं ‘लग्नाचा थाट’, तिनं लिहिलं ‘लग्नाचा ताट’. ‘खार’ची ‘कार’ झाली. कान तपासून घेतले, दोष नाही. तिचं घर कोल्हापुरात भर रस्त्यालगतच्या घरकुलांच्या इमारतीत, तळमजल्यावर. खिडकीखाली वडाप (प्रवासी जीप) थांबतं, शेजारी गॅरेज, उत्सवात डॉल्बी. आवाजाचं विचारलं तर आई म्हणाली, ‘‘बाई, सवय झालीया आम्हाला. काय बी वाटत न्हाई.’’

ही सवयच मुलांना महागात पडते.

बोलताना बहुतेक जोर स्वरांत असतो. ‘ता’ आणि ‘था’ यांत फरक फक्त हवेच्या एका फुत्काराचा, तोही सेकंदाच्या दहाव्या भागाइतका. आता कानात शिरू. आत गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिच्यात एक लांबट पडदा. नळीच्या तोंडाशी तो अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. उंच पट्टीचे आवाज तोंडाशी ओळखले जातात, खर्जातले टोकाशी. पण प्रत्येक लाट तोंडाकडूनच शिरते. त्यामुळे डिझेल इंजिनाची जोरदार घरघर टोकाकडे जाताना वाटेतला पडदाही हलवत जाते आणि तिथला उंच पट्टीचा नाजूक फुत्कार तिच्याखाली दबतो. उलटं सहसा होत नाही. बारीक आवाज खर्जाला इतका झाकत नाही. मोठी माणसं ‘लग्नाचा’ ऐकलं की ‘थाट’ अंदाजानं ओळखतात. आठ वर्षांच्या मुलीकडे तेवढा शब्दसाठा अजून नसतो.

न्यूयॉर्कमध्ये महामार्गावरच बांधलेल्या ३२ मजली इमारतींतल्या मुलांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोहेन, ग्लास आणि सिंगर या संशोधकांना दिसलं, की चार-चार वर्षं खालच्या मजल्यांवर राहिलेली मुलं सारखे शब्द वेगळे ओळखण्यात आणि वाचनात मागे होती. घरची परिस्थिती हिशेबात धरूनही फरक उरला. त्यांचं स्पष्टीकरण असं, की मूल गोंगाट कानाआड करायला शिकतं आणि त्याच्याबरोबर बोलणंही कानाआड होतं.

त्याच शहरात मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रोन्झाफ्ट यांनी रेल्वेमार्गालगतची एक शाळा तपासली. रेल्वेकडच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात सहावीपर्यंत जवळजवळ वर्षभर मागे पडत. पुढे रुळांखाली रबर आणि वर्गांत आवाज शोषणारं छत बसवल्यावर फरक नाहीसा झाला. मुलं मुळात मंद नव्हतीच!

म्हणून स्मरणशक्तीची चूर्णं आणि मंतरलेले ताईत विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हातावर पोट असलेल्या आईचे पैसे त्यात जातात.

आपल्याकडे निवासी भागासाठी नियम दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलचा आहे. तो पाळून घ्यायला हवाच. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण मुलांना राहून शिकता यावं म्हणून त्याच्या आधीपासूनच वसतिगृहं उभी केली होती. आज प्रत्येक घरकुल वसाहतीत मागच्या बाजूची एक खोली अभ्यासिकेसाठी राखता येईल: जाड पडदे, खाली सतरंजी, टीव्ही नाही.

सध्या त्या मुलीला मी रस्त्यापासून लांबच्या भिंतीशी, माझ्यासमोर बसवते. काल ‘थ’ म्हणताना तळहात ओठांसमोर धरायला लावला. हवा लागली तशी ती म्हणाली, ‘‘बाई, ‘त’ला वारं येत न्हाई!’’