मुठीचा डबा : आजीच्या आयुष्यामागचा वऱ्हाड

आजीला जाऊन आता वर्ष होत आले. स्मरणाच्या प्रार्थनासभेत मंडळी तिच्या भक्तीविषयी आणि सेवेविषयी बोलतील, आणि ते बोलणे खरेच असेल. परंतु खामगावकडच्या एका लहान खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली ख्रिस्ती बाई साऱ्या गावाची माय कशी झाली, हे केवळ तिच्या स्वभावावरून उलगडत नाही. त्यासाठी तिच्या जन्माच्याही मागे, १८९९-१९०० च्या दुष्काळापर्यंत जावे लागते.

वऱ्हाड त्या काळी कापसाचा मुलूख म्हणून प्रसिद्ध होता आणि खामगावची बाजारपेठ मोठी होती. मात्र हातात पैसा आणणारा कापूस आणि पोटाला लागणारी ज्वारी या दोन्हींचा जीव एकाच पावसात होता. १८९६-९७ च्या दुष्काळातून मध्य प्रांत आणि वऱ्हाड पुरता सावरला नव्हता, तोच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. ज्यांना स्वतःचे वावर नव्हते ते मजूर सर्वांत आधी उघड्यावर आले. सरकारी कामांवर खडी फोडण्यासाठी माणसे घर सोडून गेली, उपासमारीच्या पाठोपाठ पटकी आली आणि आईबापांवाचून मुले मागे उरली. पंडिता रमाबाईंनी पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली पुण्याकडे नेल्या होत्या. दुसऱ्या दुष्काळात वऱ्हाडातल्या अलायन्स मिशन या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेने मुलग्यांना अकोल्याच्या आणि मुलींना खामगावच्या अनाथालयात आसरा दिला. खामगावच्या त्या मुलींमध्ये आजीची आई होती. वय असेल सात-आठ वर्षांचे. तिला स्वतःच्या गावाचे नावही सांगता येत नव्हते.

तिची एक आठवण मात्र घरात टिकली. तिथे तिला पिवळ्या मक्याची पातळ कण्हेरी मिळे, आणि ज्वारीवर वाढलेल्या त्या पोरीला ती चव अनोळखी वाटे. १९०० मध्ये अमेरिकेत वर्गणीने जमवलेला मका ‘क्विटो’ नावाच्या आगबोटीने मुंबईला आला आणि मिशनऱ्यांच्या समितीमार्फत दुष्काळी भागांत वाटला गेला. खामगावच्या चुलीवर शिजलेला मका त्याच बोटीतला होता की नाही, याचा निवाडा आजीला कधी करावासा वाटला नाही. ती एवढेच म्हणायची, ‘‘मायच्या पोटात लोकायचा मका गेला, थे फेडाच लागते.’’

अनाथालयात वाचन, शिवण, दळणकांडण आणि दोन वेळची प्रार्थना यांची शिस्त होती. पुढे तिथल्या मुलींची लग्ने अकोल्याकडच्या मुलग्यांशी झाली आणि काही जोडपी खेड्यांत जाऊन राहिली. आजीचे आईवडील त्यांपैकीच. अशा घरांना भावकी नव्हती आणि बाईला माहेर नव्हते. बाळंतपणाला कोण येणार, मर्तिकाला खांदा कोण देणार, हे प्रश्न मंडळीतच, म्हणजे चर्चच्या सभासदांतच, सोडवावे लागत. माझ्या मते आजीच्या समाजसेवेचे मूळ इथेच आहे. रक्ताच्या नात्यावाचून माणसे जोडण्याची जी सवय तिच्या आईला गरजेपोटी लागली, ती आजीकडे श्रद्धा म्हणून आली, आणि तिने ती मंडळीच्या उंबऱ्यावर थांबू दिली नाही.

आजीची आई उतारवयात बायबल-बाई म्हणून हिंडत असे. पुरुष प्रचारकांना जिथे ओसरीपलीकडे जाता येत नसे, तिथे या बाया दोघी-दोघींनी जाऊन माजघरात बसत, शुभवर्तमान वाचून दाखवत आणि गाणी शिकवत. ही गाणी बायांच्या तोंडी सहज बसली, याचे पुष्कळसे श्रेय कवी नारायण वामन टिळकांना दिले पाहिजे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतल्या एका सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत आणल्यामुळे, अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ती जात्यावर म्हणता येऊ लागली. आजीला अशी कितीतरी भजने पाठ होती, आणि शेजारच्या वारकरी घरातल्या बाया ती तिच्याबरोबर म्हणत. त्यात कोणालाच काही वेगळे वाटत नसे.

रोजचा स्वयंपाक करताना काढलेल्या धान्यातून एक मूठ बाजूला ठेवायची आणि रविवारी मंडळीत अर्पण करायची, ही चाल अनेक ख्रिस्ती घरांत आहे. आजीने दोन डबे ठेवले होते. एका डब्यातली ज्वारी उपासनेला जाई. दुसऱ्यातली गावात ज्या घरी बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल त्या घरी, जात न विचारता. अडलेल्या बाईला घेऊन ती बैलगाडीने, नंतर एसटीने, तालुक्याच्या गावी जाई आणि सुटका होईपर्यंत तिथेच थांबे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. वऱ्हाडातली अलायन्स मंडळी त्यात सामील झाली नाही, आणि पूर्व व पश्चिम विदर्भातल्या ख्रिस्ती लोकांत हा संघटनेचा फरक आजही आहे. आजीच्या प्रार्थनेत तो कधी शिरला नाही. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक महिला प्रार्थना दिनाला, ती निरनिराळ्या मंडळ्यांच्या बायांना आग्रहाने एकाच ओसरीवर बसवत असे.

तिचा पहिला डबा आता माझ्या आईकडे आहे. दुसरा शेजारच्या काकूंनी मागून नेला. त्या ख्रिस्ती नाहीत, पण गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळच्या भाकरीआधी एक मूठ त्यात पडते.