पाऊस हुकला, खरेदीखत झालं: सावकाराकडे गेलेली जमीन परत मागण्याचा अर्ज कुठे अडतो

"साहेब, जमीन विकली हो." माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा याच वाक्याने सुरुवात करतो. थोडं खोलात विचारलं की खरी गोष्ट कळते. त्या साली सोयाबीन हातचं गेलं, पुढच्या पेरणीला आणि घरातल्या आजारपणाला पैसे हवे होते, बँकेचं पीककर्ज आधीच थकलेलं. गावातल्या एकाने शेकडा तीनने, म्हणजे महिन्याला शंभरामागे तीन रुपये व्याजाने पैसे दिले आणि तारण म्हणून दोन एकरांचं खरेदीखत करून घेतलं. "पैसे फेडले की जमीन परत तुझ्या नावावर," हा फक्त तोंडी शब्द. ही विक्री नाही, कर्जाचं तारण आहे. अर्जात "मी जमीन विकली" असं लिहून दिलंत तर समोरच्याचं निम्मं काम तुम्हीच केलं. "कर्जाच्या तारणापोटी खरेदीखत लिहून दिलं" असं लिहा, कारण खरं तेच आहे.

अशा व्यवहारांसाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ यात कलम १८ आहे. १९४६ चा जुना मुंबईचा कायदा जाऊन हा आला. सावकारीच्या ओघात, कर्जाची सुरक्षा म्हणून मिळालेली जमीन सावकाराच्या ताब्यात असेल, मग ती खरेदी, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल अशा कोणत्याही रूपाने गेलेली असो, तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतात. जमीन मूळ कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा आदेशही तेच देतात. जिल्हा निबंधक म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. तहसीलदार किंवा पोलीस ठाणं नव्हे. विनापरवाना सावकारीचा गुन्हा पोलिसांत जरूर नोंदवा, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्या गुन्ह्याने सातबारा बदलत नाही.

सावकाराकडे परवाना असला पाहिजे असं नाही, विनापरवाना सावकारही या कलमात येतो. बँक, पतसंस्था किंवा वित्त कंपनीने कर्जवसुलीत जमीन लिलावात काढली असेल, तर मात्र हा रस्ता तुमचा नाही. दर वर्षी असे अर्ज येतात, फेटाळले जातात आणि माणूस महिनोन् महिने हेलपाटे घालून बसतो. भावकीतला किंवा सोयऱ्यातला एखादा खरा खरेदी-विक्रीचा व्यवहार नंतर भाव वाढला म्हणून पस्तावून उकरून काढायचा, तोही या कलमात बसत नाही.

आता मुदत. सगळ्यात जास्त चूक इथे होते.

अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मागे पंधरा वर्षांच्या आत जमीन सावकाराकडे गेलेली असली पाहिजे. बरेच जण "मला शेतातून हुसकावलं तेव्हापासून" मोजतात. तसं मोजू नका. खरेदीखताच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वाद उरत नाही. २०१२ च्या दुष्काळात मराठवाड्यात लिहून दिलेलं खत २०२७ मध्ये मुदतीबाहेर जातं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीनंतरचं २०२९ मध्ये. सावकार "पुढच्या दिवाळीला करून देतो" म्हणत एकेक वर्ष काढतो, ते याच हिशोबाने. मधे कधीतरी तो स्टँप पेपरवर "जमीन परत देईन" असं लिहून नोटरीची सही घेतो आणि शेतकरी निश्चिंत होतो. त्या कागदाने जमीन फिरत नाही. ती फक्त नोंदणीकृत दस्ताने फिरते. तो कागद फाडू मात्र नका, व्यवहार कर्जाचा होता याचा तो चांगला पुरावा आहे.

दुसरी गल्लत फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीची. खरेदीखत झाल्यावर तलाठ्याची नोटीस येते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ते निघून गेले म्हणून लोक हातपाय गाळतात, किंवा त्या फेरफाराविरुद्ध प्रांतापासून वरपर्यंत अपिलं करत पाच-सात वर्षं घालवतात. महसुली अधिकारी नोंद बरोबर की चूक एवढंच पाहतात. नोंदणीकृत खत समोर असलं की त्यांच्या दृष्टीने नोंद बरोबरच असते. तारणाचा प्रश्न तिथे सुटणारच नाही. हे त्या टेबलावरच्या माणसाला पहिल्या दिवशी माहीत असतं, तरी कोणी सांगत नाही. पुढची तारीख देतात. तोवर इकडची पंधरा वर्षं संपत आलेली असतात.

कागदांपैकी सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखताची नक्कल, आधार हे नेहमीचे. अर्ज साध्या कागदावर मुद्देसूद लिहा आणि दोन प्रती करून एकीवर पोच घ्या. अडतो तो "कर्ज दिल्याचा पुरावा". तो कोणाकडेच नसतो. सावकार पावती देत नाही, वही आपल्याकडे ठेवतो, पैसे रोख देतो. खरेदीखतात तर "संपूर्ण रक्कम मिळाली, ताबा दिला" असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि खाली तुमचाच अंगठा किंवा सही. म्हणून अर्ज फेटाळताना "सावकारी व्यवहार सिद्ध होत नाही" हे एक वाक्य ठरलेलं. या कागदामागे काय होतं ते पाहा, असं हे कलमच अधिकाऱ्याला सांगतं. पण त्याने पाहावं यासाठी तुम्ही काहीतरी पुढे ठेवलं पाहिजे.

पहिलं, सूची क्रमांक दोन (इंडेक्स-२, नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) काढा. त्यात मोबदला आणि बाजारभाव हे दोन आकडे वेगवेगळे छापलेले असतात. मोबदला बाजारभावाच्या निम्म्याहून कमी असेल तर तेवढ्यात शेतकरी पोटची जमीन का देईल, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. दुसरं, नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात त्याच माणसाच्या, त्याच्या बायको-मुलांच्या आणि मेहुण्याच्या नावाने आसपासच्या गावांत किती खरेदीखतं आहेत ते पाहा. एकट्याने दहा-बारा गरजू शेतकऱ्यांची जमीन घेतली आणि त्यातली काही वर्षभरात त्यांनाच परत लिहून दिली असेल, तर सावकारीचा याहून बोलका पुरावा क्वचित मिळतो. त्या शेतकऱ्यांना भेटा. प्रत्येकाने स्वतःचा वेगळा अर्ज करावा आणि एकमेकांच्या चौकशीत जबाब द्यावेत.

तिसरा पुरावा ताब्याचा. खरेदीखतानंतरही जमीन तुम्हीच कसत होता का? गाव नमुना बारावरची त्या वर्षांची पीकपाहणी, शेतसाऱ्याच्या पावत्या, कृषिपंपाचं वीजबिल, कारखान्याचं ऊसबिल, बाजार समितीतल्या अडत्याची पट्टी, असं जे असेल ते शोधा. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. तिच्यात नोंद खातेदाराच्या नावाने होते, म्हणून त्यानंतरच्या वर्षांसाठी सातबाऱ्यावर विसंबू नका. पट्ट्या आणि बिलं जपा. व्याज फोनवरून किंवा बँकेतून पाठवलं असेल तर खात्याचा उतारा सोन्यासारखा. शेतकऱ्याला तारणी कर्जावर सरकारने ठरवलेला व्याजदर वर्षाला ९ टक्के आहे, विनातारणीवर १२. महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला ३६. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेताच येत नाही, हेही याच कायद्यात आहे.

घेतलेली रक्कम लपवू नका. "मी काहीच घेतलं नाही, फसवून सही घेतली" असं लिहिणारे स्वतःचा अर्ज स्वतः पाडतात. पैसे घेतले हेच तर तुम्हाला दाखवायचं आहे. किती घेतले, कधी घेतले, किती फेडले, महिना आठवत नसेल तर सण आठवून लिहा.

आता एक कागद असा, जो कोणी मागत नाही आणि मी आवर्जून जोडायला लावतो: त्या वर्षीच्या पावसाचा. गावाची अंतिम पैसेवारी (त्या हंगामाच्या पिकाचा सरकारी अंदाज), तालुका दुष्काळी जाहीर झाला असेल तर तो शासन निर्णय, अतिवृष्टीच्या पंचनाम्याची यादी, महारेन संकेतस्थळावरचा महसूल मंडळाचा पाऊस. २०१८ मध्ये १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले होते, २०२३ मध्ये ४०. तुमचं खरेदीखत त्याच हंगामाच्या तोंडावर झालं असेल आणि गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत असेल, तर आणीबाणीत तारण म्हणून लिहून दिलं या तुमच्या सांगण्याला आधार मिळतो. एवढ्याने कर्ज सिद्ध होत नाही, पण वरच्या कागदांना तो कागद एका माळेत ओवतो. पैसेवारीची प्रत तहसीलमध्ये मिळते. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात मागा.

आणि पाऊस एकदाच घाव घालून थांबत नाही. सातबारा सावकाराच्या नावावर गेला की पुढच्या अतिवृष्टीची मदतही त्याच्याच खात्यात जमा होते. शेत तुम्ही कसता, बियाणं तुमचं, वाहून गेलं तेही तुमचं, आणि यादीत नाव त्याचं. जिरायतीला आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषाने हेक्टरी ८,५०० रुपये, पीएम किसानचे वर्षाला ६,०००, पीकविमा, पीककर्ज, त्या जमिनीवर यातलं काहीच कसणाऱ्याला मिळत नाही. मग पुढच्या नापिकीच्या वर्षी उरलेल्या एकरावर दुसरं खरेदीखत होतं. म्हणून एका गटाचं खरेदीखत आणून "हे एवढं सोडवा" म्हणणाऱ्याला मी घरातले बाकी कागदही आणायला सांगतो.

कर्जदार हयात नसेल तर वारस अर्ज करू शकतात. इथे बायांची फार परवड होते. कार्यालय म्हणतं वारस नोंद आणा. तलाठी म्हणतो, या गटावर तुमच्या नवऱ्याचं नावच नाही, नोंद कशावर करू? दोघांचंही आपापल्या परीने खरं, आणि ती माउली मधल्या मधे. घरचा दुसरा एखादा गट किंवा गुंठाभर तरी जमीन नवऱ्याच्या नावावर राहिली असेल तर तिच्यावरची वारस नोंद करून तो फेरफार जोडा. तेही नसेल तर मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज आधी दाखल करा, आणि दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र मागून ते नंतर द्या. प्रमाणपत्राची वाट पाहत मुदत घालवू नका.

गैरअर्जदार म्हणून फक्त सावकाराचं नाव टाकून भागत नाही. खरेदीखत ज्याच्या नावावर आहे तो, आणि पुढे विकली असेल तर घेणाराही घाला. चौकशी सुरू झाली म्हणून पुढची विक्री आपोआप थांबते असं समजू नका. जमीन तिसऱ्याच्या हातात गेली असेल तर वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

समोरच्याला नोटीस मिळाल्यावर हरकतीला पंधरा दिवस मिळतात, नंतर सुनावण्या होतात. एकही तारीख चुकवू नका, आणि बाहेर चहा पाजून केलेल्या तडजोडीवर अर्ज मागे घेऊ नका. तडजोड खरी असेल तर आधी दुय्यम निबंधकाकडे जमीन परत तुमच्या नावावर होऊ द्या, मग अर्ज मागे घ्या.

निकाल विरोधात गेला तर विभागीय सहनिबंधकांकडे अपील, तेही एका महिन्यात. हा महिना आदेशाच्या तारखेपासून मोजला जातो, नक्कल हातात पडल्यापासून नाही. म्हणून निकाल लागल्याचं कळताच त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण "नक्कल मिळायला वेळ लागला" हे नक्कल मागितल्याच्या पावतीशिवाय कोणी ऐकत नाही. निकाल तुमच्या बाजूने लागला तर समोरचाही याच मुदतीत अपिलात जातो. स्थगिती आली का याची चौकशी करत राहा. नसेल आली तर आदेशाची प्रत घेऊन तलाठ्याकडे फेरफारासाठी आणि ताब्यासाठी लगेच लेखी अर्ज द्या.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसलेल्यांसाठी: तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, तसंच पूर आणि दुष्काळाने पोळलेल्यांनाही मोफत वकील मागता येतो. दुष्काळाचा तो शासन निर्णय आणि पैसेवारीची प्रत इथेही कामी येते, म्हणून पहिल्याच दिवशी तिच्या चार प्रती काढून ठेवा.