निवेदन दिलं म्हणजे हरकत नोंदवली असं होत नाही

रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर मजले चढणार अशी नुसती कुणकुण लागली की आपल्याकडे दोन-तीन दिवसांत पेपरात फोटो येतो. मध्ये साहेब, आजूबाजूला दहा-बारा जण, आणि एकच कागद सगळ्यांनी मिळून धरलेला. खाली ओळ : ‘नागरिकांनी हरकत नोंदवली.’ नाही हो, त्यांनी निवेदन दिलं! जळगाव, भुसावळ, धुळे, सगळीकडे हा घोळ इतका मुरलाय की खऱ्या हरकतींची मुदत निघून जाते आणि मग तीच मंडळी म्हणतात, ‘आम्ही तर कधीच दिली होती.’

निवेदन म्हणजे काय हे खानदेशात कुणाला शिकवायला नको. ते कुणालाही, कधीही, कशाबद्दलही देता येतं. लग्नाच्या मांडवात खासदारांच्या हातात कोंबलेलीही पाहिली आहेत. घेणारा ‘बघतो’ म्हणतो आणि कागद मागे उभ्या असलेल्या पीएकडे जातो. त्यावर पुढे इतक्या दिवसांत काही करायलाच हवं, असं बंधन त्याच्यावर नसतं.

लोकांना वाटतं, भाषा जहाल केली, शेवटी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ टाकलं की निवेदनाची हरकत होते. तसं नसतं. हरकतीसाठी आधी समोरच्याने कायद्यानुसार विचारावं लागतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात हे विचारणं कुठे-कुठे येतं ते ठरलेलं आहे. शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठे रस्ता, कुठे मैदान हे दाखवणारा कच्चा नकाशा, प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती व सूचना मागवतात, मुदत ३० दिवस (मुंबईला ६०). मंजूर आराखड्यात नंतर एखादं आरक्षण, म्हणजे मैदान, वाहनतळ अशा कामासाठी राखलेली जागा, हलवायचं असेल तर कलम ३७, मुदत एक महिना. दोन्हींची सूचना राजपत्रात येते. आराखड्यावर मुदतीत लेखी आलेली हरकत नियोजन समितीपुढे जाते आणि हरकतदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. कलम ३७ मध्ये ज्यांच्यावर थेट परिणाम होतो त्यांना वेगळी नोटीस आणि सुनावणी असते. हरकत द्यायला सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते, हाही एक गैरसमज. भाडेकरू देऊ शकतो, स्टेशनसमोर चहा विकणारा देऊ शकतो. मात्र सूचना निघण्याआधी दिलेला कागद हरकत नाही आणि मुदतीनंतर दिलेलाही नाही, त्यावर कितीही सह्या असल्या तरी.

आता स्टेशनच्या डोक्यावर काही बांधायचं म्हटलं की लोक सर्वात जास्त फसतात. रुळांवरची जागा, म्हणजे अगदी वरची हवासुद्धा, रेल्वेची. रेल्वे अधिनियम, १९८९ चं कलम ११ रेल्वेला तिच्या कामासाठी इतर कायदे आड न येता बांधकाम करू देतं. रेल्वेच्या जमिनीचा व्यापारी विकास करायला २००५ च्या दुरुस्तीने रेल्वे भूमी विकास प्राधिकरण वेगळं आलं. थोडक्यात, फलाटावर छत टाकून प्रतीक्षागृह करायचं असेल तर ‘तुमची हरकत आहे का’ असं तुम्हाला-आम्हाला कुणी विचारत नाही. जे विचारलंच नाही त्यावर हरकत कशी नोंदवणार? तिथे तुमच्याकडे निवेदनच आहे. निवेदनाला नाकं मुरडणाऱ्या वकील मंडळींनी हे जरा लक्षात घ्यावं.

पण ते छत हवेत तरंगत नाही. त्याला उतरायला जिने लागतात, जिन्याखाली रिक्षा लागतात, रिक्षांना रस्ता लागतो आणि तो रस्ता बहुतेक वेळा पालिकेचा असतो. रुळांवरून जाणाऱ्या शिवाजीनगरच्या उड्डाणपुलाने जळगावकरांचा जीव किती खाल्ला ते आठवा. असे पूल बांधताना रुळांवरचा भाग रेल्वेकडे आणि दोन्हीकडचे पोचरस्ते राज्याच्या यंत्रणेकडे असतात. स्टेशनवरच्या इमारतीतही रेष तिथेच पडते. बाहेरचा रस्ता रुंद करायचा, शेजारचं मैदान वाहनतळासाठी आरक्षित करायचं, रहिवासी भाग वाणिज्य करायचा, यासाठी आराखड्याला हात लावावा लागतो. आराखड्याला हात लागला की सूचना निघते आणि तेव्हा हरकत. म्हणून आधी हद्द पाहा, नगररचना विभागात नकाशा मागा, आणि कागदाचा विषय त्यानंतर लिहा.

हरकतीतला मजकूर कसा नसावा? ‘आमचा या प्रकल्पाला पूर्ण विरोध आहे.’ सुनावणीत याची नोंद एका शब्दात होते, ‘विरोध’, आणि पुढचा नंबर पुकारतात. कसा असावा? ‘प्रस्तावित १२ मीटर रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळेची भिंत ओलांडतो, तो पूर्वेकडे सरकवावा, नकाशा सोबत जोडला आहे.’ सूचनेची तारीख, आरक्षणाचा किंवा गटाचा क्रमांक, काय बदलायचं आणि का. एक कुटुंब, एक हरकत. पाचशे झेरॉक्सवर पाचशे सह्या हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. एकच मजकूर पाचशे वेळा आला की तो मुद्दा एकच धरतात. आणि पालिकेच्या टपाल (आवक) शाखेतून पोच घ्या. आवक शिक्का, क्रमांक, तारीख. साहेबांबरोबरचा फोटो ही पोच नाही.

आणखी एक गोंधळ, तो लवकर आटोपतो. ‘अमृत भारत’ ही रेल्वेची स्टेशनं सुधारायची योजना, ती म्हणजे स्टेशनवर मॉल नव्हे. धुळे आणि केळीच्या वॅगनींचं आपलं सावदा ही दोन्ही स्टेशनं त्या योजनेतून २२ मे २०२५ ला खुली झाली. त्या योजनेत गरजेनुसार रूफ प्लाझा (रुळांवरच्या छतावरची मोकळी जागा) आणि दूरच्या काळात ‘सिटी सेंटर’ यांचा उल्लेख आहे, पण तो प्रत्येक ठिकाणी लागू होत नाही. गुजरातच्या गांधीनगरला रुळांवर ३१८ खोल्यांचं हॉटेल उभं आहे, तो वेगळा मामला. आपल्याकडे रंगरंगोटी निघाली तरी लोक गांधीनगरचे फोटो फिरवतात.

हातगाडीवाल्यांचं मात्र यात खरंच मरण आहे. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा रेल्वेच्या मालकीच्या जमिनीला लागूच नाही, कलम १ मध्येच तसं लिहिलंय. म्हणजे एकाच रांगेतल्या दोन वेफर्सच्या गाड्या. एक पालिकेच्या रस्त्यावर, तिच्यासाठी नगर पथविक्रेता समितीकडे जाता येतं. दुसरी दोन पावलं आत रेल्वेच्या आवारात, तिला त्या कायद्याचा आधार नाही. ‘भाऊ, आते काय करानं?’ म्हणून दुसरीवाला विचारतो, तेव्हा त्याच्या हातात हरकतीचा नमुना देणं म्हणजे त्याची फसवणूक. त्याला निवेदनच लागेल, तेही योग्य दारात.

ते दारही लोक चुकतात. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे, भुसावळ हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, कागद भुसावळच्या मंडल रेल्वे व्यवस्थापकांना. अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबार हे पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात. अमळनेरचं निवेदन जवळ पडतं म्हणून भुसावळला नेऊन देणारी शिष्टमंडळं अजूनही निघतात, हार-तुऱ्यांसकट.