गोव्यात भावाच्या सहीशेजारी वहिनीचीही सही का लागते

फोंडा, डिचोलीकडचं वडिलोपार्जित घर विकायला निघालं आणि गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं असलं, की त्याला पहिला धक्का बसतो तो सह्यांच्या यादीने. भावंडं चार, चौघंही लग्न झालेली. विक्रीखतावर सह्या आठ. एखादा जावई रुसून बसला तर तिथेच घोडं अडतं.

याचं मूळ 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. ती 1870पासून गोव्यात लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मिळकत सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. त्यामुळे वडिलांच्या पश्चात भावाला जे मिळतं त्यात वहिनी निम्म्याची धनीण होते, आणि बहिणीच्या वाट्यात तिचा नवरा. शिवाय मुलंबाळं असलेल्या माणसाला मृत्युपत्राने निम्म्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते. उरलेली निम्मी मुलांची, मुलगा-मुलगी असा भेद न करता. हिंदूंच्या काही रूढी 1880च्या हुकूमनाम्याने राखल्या गेल्या, ते खरं. तरी इतर राज्यांत हिंदू मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका हक्क सरसकट मिळायला 2005 साल उजाडावं लागलं; महाराष्ट्रासारख्या काही राज्यांनी तो आधीच दिला होता. कागदावरचा हक्क हातात पडतोच असं मात्र नाही. बहिणीला नोटरीपुढे नेऊन हक्कसोड करून घेणं इथेही चालतंच, फक्त तिथेही तिच्या नवऱ्याची सही लागते.

1961च्या मुक्तीनंतर 1962च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. गंमत अशी, की खुद्द पोर्तुगालने 1966मध्ये नवी संहिता केली आणि आपल्याकडे जुनीच राहिली. वारशापुरता राज्याचा स्वतःचा कायदा 2012चा; तो अमलात आला डिसेंबर 2016मध्ये. गाभा तोच.

इतके वाटेकरी निर्माण करणाऱ्या कायद्याने ते कमी करायची सोयही ठेवली आहे: इन्व्हेंटरी. कोर्टात मिळकतींची यादी होते, किंमत लागते आणि एकमत झालं नाही तर वारसांमध्येच बोली होते. बाहेरच्याला तिथे बोलता येत नाही. ज्याची बोली चढी त्याला घर, बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे. घराच्या चिरफाळ्या न करता वाटणी करण्याची ही पद्धत मला तरी शहाणपणाची वाटते. पण भाऊबंदकी चव्हाट्यावर येईल म्हणून ती पुढे ढकलली जाते, आणि आजोबांच्या नावावरची मिळकत नातवंडांपर्यंत तशीच येते. एव्हाना निम्मे वारस लंडन-लिस्बनला.

त्यात 1970च्या दशकातल्या जमीन सर्वेक्षणाची भर. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, त्या वेळी गावात असलेल्या एकाच भावाचं नाव लागलं, असं कितीतरी घरांत झालं. तो उतारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हे बाहेरून पैसे गुंतवणाऱ्याच्या सहसा उशिराच ध्यानात येतं.

गोंयकाराने मुंबईत फ्लॅट घेतला म्हणून तो या नियमांतून सुटत नाही. गोव्याचा अधिवास असलेल्याच्या देशातल्या कुठल्याही मिळकतीला गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये दिला.

वाटण्या रखडल्याचा फायदा घेणारेही निघाले. परदेशी गेलेल्यांच्या किंवा वारस न उरलेल्यांच्या जमिनी बनावट पोर्तुगीजकालीन दस्तांच्या आधारे बळकावल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारला 2022मध्ये त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं.